पौषातील रिकाम्या जागा

माझी मुलगी एका स्वस्त विमानकंपनीत नोकरी करीत होती. गावात हे सांगताना मला नेहमी दोन वाक्ये जास्त बोलावी लागत. एक, ती विमानात बसत नाही, विमानतळावर बसते. दुसरे, स्वस्त म्हणजे हलकी नव्हे. तरीही लोक विचारीतच, "गुरुजी, वरून जाताना ताईला आपलं गाव दिसतं का हो?" पुढे मी दुरुस्ती करणे सोडून दिले आणि "दिसत असेल" असे म्हणू लागलो.

मी पेडगावचा. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले आणि वडिलांकडून आलेले पौरोहित्य सांभाळले. आता शाळा सुटली आहे. पौरोहित्यही गुडघ्यांना झेपेल तेवढेच करतो. चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीची उजवी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली, पण ती तिचा फार थोडा उपयोग करते. मुलगी आमची एकुलती. तिने लग्न केले नाही, आणि त्याविषयी विचारणे आम्ही केव्हाच थांबविले. शेजारच्या जिल्ह्यातील विमानतळावर तिची नेमणूक होती. दर गुरुवारी, सुटीच्या दिवशी, ती सकाळच्या गाडीने परभणीला येई, तिथून बसने पेडगावला. आईला न्हाऊ घाली, तिचे अंथरूण बदली आणि मग खाटेशेजारी बसून तिला जेवू घाली. माझ्या हातून पत्नी दोन घासांच्या पुढे जात नसे. मुलीच्या हातून ती पोळी, भाजी, वरणभात, सगळे खाई, आणि वर ताकही मागे. त्या एका जेवणावर ती आठवडा काढते की काय, असे मला वाटे. डॉक्टरांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग मुलीला लांब जाऊ देऊ नका." त्यांनी ते हसत म्हटले होते.

एका गुरुवारी, आईचे जेवण झाल्यावर, मुलगी माझ्यापाशी ओसरीवर येऊन बसली.

"अण्णा, आमचं इथलं विमान बहुतेक बंद होईल. झालं तर माझी बदली. आणि ती जवळ नसेल."

"विमान रिकामे जाते काय?"

"अगदी रिकामं नाही. पण निम्म्या जागा तशाच जातात."

"मग भाडे वाढवा."

ती हसली. "वाढवलं की माणसं दुसऱ्या कंपनीकडे जातात. दिवाळीपासून तीही इथून उडते, आमच्या आधी अर्धा तास. आम्ही भाडं उतरवलं की तेही उतरवतात. माणसं फोनवर दोन्ही भाडी शेजारी शेजारी बघतात, आणि जे तसूभर कमी असेल त्यावर बोट ठेवतात. कंपनीचं नावसुद्धा वाचत नाहीत."

"मग दोघांनी बसून वार वाटून घ्यावेत."

"अण्णा, ते काय श्राद्धाचे ब्राह्मण आहेत, घरं वाटून घ्यायला?"

मला हसू आले, पण ती पुढे बोलतच राहिली. त्या दिवशी तिने मला तिच्या धंद्याचे सगळे व्याकरण समजावून दिले. शेजारच्या विमानाशीच स्पर्धा असती तर निभावले असते. पण रेल्वे आहे. तिला आता वातानुकूलित डबे जास्त लागतात. ट्रॅव्हल्सच्या बसगाड्या आहेत. त्यांत लोक झोपून जातात आणि थेट घराच्या कोपऱ्यावर उतरतात. विमाने कंपनीच्या मालकीची नाहीत. ती परदेशातून भाड्याने आणलेली असतात, आणि ती जगात दोन-तीनच कारखाने बनवितात, त्यामुळे तिथे घासाघीस चालत नाही. इंधन महागले तर तक्रार कुणाकडे करणार? विमानतळ दुसऱ्याचा, त्याचे शुल्क दुसऱ्याने ठरविलेले. आणि एवढे सारे सोसून एखादा मार्ग चांगला चालू लागला, की नवी कंपनी नवी विमाने घेऊन त्याच मार्गावर येते.

वादात कोणत्या बाजूने आघात होतो ते आधी ओळखावे, असे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. इथे मला एक बाजू दिसेना. आघात सगळ्याच बाजूंनी होता. मी म्हटले, "विमान तुमचे नाही, इंधन तुमचे नाही, तळ तुमचा नाही, गिऱ्हाईकही तुमचे नाही. मग तुम्ही विकता तरी काय?"

"वेळ," ती म्हणाली. "एकच विमान दिवसातून सहा फेऱ्या मारतं. इथे उतरलं की पंचवीस मिनिटांत पुन्हा वर गेलं पाहिजे. जमिनीवर जास्त थांबलं की पुढच्या पाचही फेऱ्या रखडतात, आणि वरचे लोक विचारतात, कोणत्या गावाने थांबवलं? आमच्या गावाचं नाव अजून त्यात आलेलं नाही. तेवढ्यावरच टिकून आहोत."

मग ती म्हणाली, "आता पौष येतोय. लग्नं नाहीत, खरेदी नाही. सगळ्यात वाईट महिना. याच महिन्यातल्या रिकाम्या जागा बघून वरचे लोक ठरवतील."

ती हे केवळ सांगत होती. माझ्याकडे काही मागत नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झाले ते माझ्या मनातून निघाले. दरवर्षी पौषात मी आमच्या पंचक्रोशीतील यजमानांना गयेला श्राद्धासाठी घेऊन जात असे. आम्ही नेहमी परभणीहून रेल्वेने जात होतो. या वर्षी विमानाने न्यावे, असे मी ठरविले. हैदराबादला विमान बदलून काशी, आणि काशीहून बसने गया. आम्ही सतरा जण होतो, म्हणजे तिच्या कंपनीच्या सतरा जागा तरी भरतील. एका पित्याने एवढे करण्यात काही अयोग्य आहे, असे मला तेव्हा वाटले नाही.

मारुतीच्या देवळात मी हा विचार मांडला. यजमानांत पिंगळीचे एक बागायतदार होते, माझ्याच वयाचे, थोरल्या भावाचे श्राद्ध करायला निघालेले. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी पहिलीच शंका काढली.

"गुरुजी, इमान आधी कुठं जायलंय म्हनलाव?"

"हैदराबादला."

"म्हंजे दक्षिणेला. पितराची गाठ घ्यायची आन् आधी यमाच्या दिशेला जायचं व्हय?"

सगळे हसले. पालमकडच्या एक मावशी होत्या, नवऱ्याबरोबर कितीतरी हंगाम ऊस तोडायला गेलेल्या. नवरा गेल्यावर त्याच्या नावाने पिंड द्यायला निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आबा, तुमाला कसंबी तिकडंच जायचंय. जरा आदुगर बघून तर या, जागा कशी हाय ती."

"तू गप ग. तू तर कधी रेल्वेतबी बसली न्हाईस."

"म्हनूनच तर. बैलगाडीतून कारखान्यावर गेले, आता इमानातून गयेला जाते. मधलं काय बी नगं मला."

मावशींच्या या बोलण्याने विमान ठरले. उरला दिवसाचा प्रश्न. कमी भाड्याच्या जागा बुधवारच्या होत्या, आणि बुधवारी उत्तरेकडे दिशाशूल, म्हणजे त्या दिशेचा प्रवास वर्ज्य. आबा म्हणाले की सवंग भाड्यापायी खोट्या वारी निघायचे त्यांना पटत नाही. त्यांचे बरोबरच होते. यावर शास्त्राने उपाय दिलेला आहे. चांगल्या वेळी आपली एक वस्तू घराबाहेर, प्रवासाच्या दिशेला नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असे समजतात, आणि मग माणूस दोन-चार दिवसांनी निघाला तरी चालते. याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. आमच्याकडे प्रस्थानाचे गाठोडे असते: पिवळ्या फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि खोबऱ्याची एक वाटी. एकदा गाठ मारली, की पहिल्या तीर्थावर पोहोचेपर्यंत ती सोडीत नाहीत. मी रविवारची वेळ काढून दिली. सतरा गाठोडी मारुतीपुढे ओळीने ठेविली गेली. प्रत्येकाची गाठ मीच मारली, आणि गाठ वाटेत सुटता कामा नये हेही मीच बजावले.

मुलीने विमानात न चालणाऱ्या वस्तूंची यादी फोनवर पाठविली होती. मी ती देवळात दोनदा वाचून दाखविली. काडेपेटी, तेल, चाकू, सुके खोबरे. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. लोकांनी प्रामाणिकपणे पिशव्या उपसल्या. मावशींनी खोबऱ्याची चटणी काढून शेजारणीला दिली, आबांनी अडकित्ता घरी ठेविला. परंतु त्या गाठोड्यांचा विचार कोणाच्याही मनात आला नाही, माझ्याही नाही. प्रस्थान म्हणजे प्रस्थान; ते सामान आहे असे आमच्या पिढीला कधी वाटलेच नाही.

बुधवारी पहाटे, पत्नीजवळ शेजारणीला ठेवून, आम्ही दोन जीपगाड्यांतून निघालो आणि काउंटर बंद होण्याच्या अर्धा तास आधी विमानतळावर पोहोचलो. मुलगी गणवेशात होती. तिला मी कामाच्या जागी प्रथमच पाहत होतो. तिने सर्वांना ओळीत उभे केले, मावशींच्या खांद्यावरची पिशवी स्वतः उचलली. सामान तपासणाऱ्या यंत्रातून पहिली पिशवी गेली आणि तेथील जवानाने हात वर केला.

"बाबा, या पिवळ्या पुडक्यात खोबरं आहे का? ते काढून ठेवा."

"ते निघत नसतं," आबा म्हणाले.

"का नाही? गाठ सोडा, खोबरं इथे ठेवा, बाकीचं घेऊन जा."

"गाठ सुटनार न्हाई. प्रस्थान हाय ते."

जवान बिचारा सौम्य होता. त्याने दुसरी पिशवी घातली, तिसरी घातली. सगळ्यांत तेच. ओळ थांबली. मागचे प्रवासी कुरकुरू लागले. मुलगी धावत आली. तिने आबांना हात जोडले. "आबा, मी तुमच्या लेकीसारखी. खोबरं नेता येत नाही. नियम माझा नाही."

"ताई, तुजा नियम न्हाई तसा माजाबी न्हाई. तुज्या बापानं गाठ मारली. त्यानं सांगावं, सोड म्हनून. मी आत्ता सोडतो."

मग ती माझ्याकडे वळली. "अण्णा, तुम्ही सांगा. तुमचं सगळे ऐकतील. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं आहेत."

मी म्हटले, "मला थोडा विचार करू दे."

तेथील एका लोखंडी खुर्चीवर मी बसलो आणि डोळे मिटले. गावात पुढे सांगितले गेले की गुरुजी शास्त्र आठवीत होते. मीही काही दिवस तसेच सांगितले. आता ते सांगण्याचा मला कंटाळा आला आहे. मला उत्तर ठाऊक होते. एखादे द्रव्य मिळत नसेल किंवा वर्ज्य असेल तर त्याच्या जागी दुसरे घ्यावे, हे मी शाळेत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवीत आलो होतो. खोबऱ्याच्या जागी आणखी एक सुपारी ठेवून मी पुन्हा गाठ मारली असती. एकेका गाठोड्याला अर्धे मिनिटही लागले नसते. परंतु मला दुसरेच काही दिसत होते. हीच गाठ सुटता कामा नये म्हणून मी तीन दिवसांपूर्वी बजावले होते. तीच आता सोडा म्हणालो, तेही माझ्या मुलीच्या विमानासाठी, तर ही माणसे ऐकतील. पण पेडगावला परतल्यावर म्हणतील की गुरुजींनी लेकीच्या नोकरीसाठी शास्त्र वाकविले. आयुष्यभरात माझ्याविषयी असे कोणी म्हटले नव्हते. मी त्या एका वाक्याला भ्यालो आणि डोळे मिटून बसून राहिलो.

"अण्णा," तिचा आवाज आला. मी मान हलविली नाही. "अण्णा, किती वेळ?"

मी हात वर करून तिला थांबविले.

डोळे उघडून मी उभा राहिलो आणि "आबा, गाठ सोडा" म्हणालो, तेव्हा ती तिच्या मेजापाशी परत गेलेली होती. समोरची पाटी तिने उलटी केली होती. तिच्या हाताखालच्या एका मुलीने येऊन आम्हाला सांगितले, "बाबा, काउंटर बंद झालं." माझी मुलगी आमच्याकडे पाहत नव्हती. ती फोनवर कोणाला तरी प्रवाशांची संख्या सांगत होती, आणि त्या संख्येत आम्ही सतरा जण नव्हतो.

काचेतून विमान जाताना दिसले. मावशी शेवटपर्यंत पाहत राहिल्या. "चांगलं हाय," एवढेच त्या म्हणाल्या.

आबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "गुरुजी, लेक तुमची, पर बापाचंबी न्हाई ऐकलं हिनं."

"ऐकण्यासारखे मी काही बोललोच नव्हतो," मी म्हटले. त्यांना ते विनयाचे वाटले.

आम्ही रेल्वेने गेलो. मिळेल त्या डब्यात, मिळेल तिथे बसून. श्राद्धे यथासांग झाली. आबांनी भावाच्या नावाने पिंड ठेवताना लहान मुलासारखे रडून घेतले. परतल्यावर मात्र एकच गोष्ट गावोगाव फिरली: पेडगावच्या सतरा माणसांना दारात सोडून विमान निघून गेले, आणि गुरुजींच्या लेकीने बापाला बसू दिले नाही. कोणी ती रागाने सांगे, कोणी कौतुकाने. आबांच्या पाहुण्यांना लग्नाच्या बोलणीसाठी हैदराबादला जायचे होते; ते दुसऱ्या कंपनीच्या विमानाने गेले. आमच्या शाळेतील एक निवृत्त सहकारी मला बसथांब्यावर भेटले आणि म्हणाले, "आम्हीही त्या दुसऱ्याच विमानाने गेलो हो. म्हटलं, गुरुजींना नाही घेतलं, तिथे आपलं कोण ऐकतं!" माझ्याविषयीच्या आदरापोटी लोक माझ्या मुलीच्या कंपनीला टाळीत होते. मी कोणाकोणाला थांबवून खरे सांगणार होतो? दोघा-तिघांना सांगून पाहिले. त्यांना वाटले, मी मुलीची बाजू सावरतो आहे.

गयेहून परतल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मुलगी नेहमीप्रमाणे आली होती. आईला न्हाऊ घातले, जेवू घातले. त्या बुधवारविषयी ती काही बोलेना. शेवटी मीच म्हटले, "तू नियमाप्रमाणे वागलीस. मला वाईट वाटलेले नाही."

"मी नियमाप्रमाणे नाही वागले, अण्णा," ती म्हणाली. "मी तीन मिनिटं जास्त थांबले. तुम्ही डोळे उघडाल म्हणून. विमान तीन मिनिटं उशिरा गेलं. कोणत्या गावाने थांबवलं, तर आमच्या, असं लिहिलं गेलं आहे."

खोबऱ्याच्या जागी सुपारी चालते हे मला ठाऊक होते, हे मी तिला सांगायला हवे होते. त्या दिवशी सांगितले नाही. नंतर एकदा सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही आठवत असता तेव्हा तुमचे ओठ हलतात. तेव्हा हलत नव्हते."

चैत्र संपताना कंपनीने इथले उड्डाण बंद केले. ते त्या तीन मिनिटांमुळे झाले, असे मी म्हणत नाही. इंधन महागले होते, भाड्याची दोन विमाने परत गेली होती, रिकाम्या जागा होत्याच. इतक्या बाजूंनी दाब असताना भिंत कोणत्या विटेपाशी फुटली, हे कसे शोधावे? पण त्या विटांत माझीही एक वीट होती. दुसरी कंपनी महिनाभर एकटीच उडाली, मग तिने भाडे वाढविले, मग आठवड्यातून तीनच दिवस उडू लागली. लोक पुन्हा रेल्वेकडे वळले. आता तीही जाणार, असे मुलगी म्हणते.

मुलीची बदली पूर्वेकडच्या एका दूरच्या शहरात झाली. तिथून येऊन जायलाच दोन दिवस लागतात आणि आठवड्याची सुटी एकच, म्हणून ती सणावारी येते. निघताना तिने आईला सांगितले की मी लवकर येईन. आईने मान हलविली आणि तोंड भिंतीकडे केले. पिंगळीची एक बाई आता रोज येते, न्हाऊ घालते, स्वच्छ काम करते. जेवण मात्र माझ्याकडे आहे. मी भात मऊ करतो, वरणात तूप घालतो, पोळी दुधात कुस्करतो. एक घास, दुसरा घास, आणि मग पत्नी ओठ मिटते. मी वाट पाहतो. वाट पाहण्याची मला सवय आहे.

दुपारी मुलीचा फोन येतो. तिकडे मागे विमानांचा आवाज असतो, आणि ती घाईत असते.

"अण्णा, आई जेवली का?"

"हो, जेवली," मी लगेच सांगतो. फोन ठेवतो, आणि वाटी घेऊन पुन्हा पत्नीच्या उशाशी जाऊन बसतो.